आईचं खत आणि खालच्या आक्का

आई गाव सोडून माझ्याकडं राहायला आली तेव्हा तिनं दोन लुगडी, पितळेचा तांब्या आणि पोतंभर शेणखत आणलं. आमचं गाव मुरगूडच्या पुढं. मी कोल्हापुरात दुसऱ्या मजल्यावर राहायचो, नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. वडील जाऊन वर्ष झालं होतं, माझं लग्न झालेलं नव्हतं. घरात आम्ही दोघंच, आणि मी काही बोलका माणूस नव्हे.

तिनं गॅलरीत तेलाचे रिकामे डबे मांडले. हळद, आलं, लसणाची पात, धणे रगडून टाकलेली कोथिंबीर. पोतं संपल्यावर एका पिंपात स्वतःच खत घालायला लागली. कांद्याची सालं, चहाचा चोथा, राख, वर जवळच्या गोठ्यातलं शेण.

बोलायला तिला एकच माणूस मिळालं होतं. आमच्या बरोब्बर खाली राहणारी, कपाळाला विभूती लावणारी एक विधवा बाई. दोघी एकमेकींना आक्काच म्हणायच्या. मोठी कोण, हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

"आक्का, तुमच्या कोथमिरीला वास हाय, बाजारातली नुसती हिरवी," खालच्या आक्का म्हणायच्या.

"खाताय फुकट, मग वास येणारच की," आई म्हणायची.

एकदा आमच्या ऑफिसातले साहेब घरी चहाला आले. नाकाला रुमाल लावून हसत म्हणाले, "म्हैस कुठल्या खोलीत बांधलीय?" मीही हसलो. ते गेल्यावर आईला म्हटलं, पिंप काढून टाकू.

"आरं, वास येतोय तवर ते खत न्हवं. पुरतं कुजलं की मातीचाच वास येतो. पंधरा दिस दम धर."

मला पंधरा दिवस धीर नव्हता, आणि लाज वाटते म्हणून सांगायची छातीही नव्हती. मी म्हटलं, "खालच्या आक्कांनी तक्रार केलीय."

ती माझ्याकडं वळली. "तिनं? मग मला का न्हाय म्हणाली?"

"भिडेपोटी."

रविवारी मी पिंप इमारतीच्या मागं, भिंतीकडेला नेऊन ओतलं. आईनं डबेही रिकामे केले, ती माती मी त्यावरच टाकली. मी नको म्हटलं नाही. खाली जाणं तिनं थांबवलं. आक्का वर आल्या की पाणी द्यायची, हूं हूं करायची. हळूहळू त्याही यायच्या थांबल्या. एकदा जिन्यात त्यांनी मला अडवलं. "बाबा, माझं काय चुकलं का?" मी म्हणालो, "तिची तब्येत बरी नसते."

एवढं बोलून मी ऑफिसला गेलो. तेव्हाच खरं सांगता आलं असतं.

पावसाळ्यात त्या ओतलेल्या ढिगातून हळद वर आली. डब्यांतले कंद त्यात गेले असणार. पानं हातभर लांब. ती आक्कांच्या खिडकीखालीच होती, त्यांनी भर घातली, तण काढलं. आई गॅलरीतून तासन्‌तास बघायची. एकदा स्वतःशीच म्हणाली, "लागलं बघ खत." पण खाली उतरायचं म्हणजे आक्कांच्या दारावरून जायचं, म्हणून ती कधी गेली नाही. थंडीत पानं वाळली, आक्कांनी हळद खणली आणि भांडंभर घेऊन वर आल्या. आईनं दार अर्धंच उघडलं. "आमच्यात हाय," म्हणाली. घरात नव्हती.

असं चार वर्षं चाललं. मग आई गेली.

दिवसकार्य उरकल्यावर मी खाली जाऊन सगळं सांगितलं. आक्का लसूण सोलत होत्या. हात थांबले.

"म्हंजे मी काय केलं न्हवतं."

"न्हाय."

"आन्‌ हे तिला ठावं न्हवतं."

"न्हाय."

"चार वरसं मी माझीच चूक हुडकत बसले की रं."

त्या उठल्या. आतून एक बरणी आणून माझ्यापुढं ठेवली. काठोकाठ हळदीची पूड. "अर्धी तिची म्हणून दरसाल काढून ठिवत हुते. आता घिऊन जा."

त्यानंतर जिन्यात भेटल्या तरी त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पुढं आपल्या मुलाकडं राहायला गेल्या.

बरणी माझ्या स्वयंपाकघरात आहे. रंग उतरलाय. भाजीला मी हळद दुकानातून आणतो.