मामेसासरे थांबले नाहीत

सदर नावाच्या आमच्या वस्तीतल्या रस्त्यावर इतक्या लोकांच्या शिव्या खाऊन इतका प्रसन्न राहिलेला माणूस माझ्या मामेसासऱ्यांखेरीज दुसरा झाला नसेल. सत्तर सालाच्या सुमारास आमच्या नात्यागोत्यात मोटार फक्त त्यांच्याकडे होती. पण मोटार चालवण्यासाठी असते हे त्यांना मान्य नव्हतं. ती ओळखीचं कोणी दिसलं की थांबवण्यासाठी असायची. शिंपी दिसो, पानवाला दिसो, भर रस्त्यात ब्रेक दाबून ते त्याच्या मुलीच्या स्थळापासून गावाकडच्या संत्र्यांपर्यंत सगळी चौकशी करत. मागे टांगे, सायकलरिक्षा, एखादा ट्रक असा वरातीएवढा खोळंबा होई. कोणी हॉर्न वाजवलाच तर डोकं बाहेर काढून शांतपणे म्हणत, "काहून वाजवून राहिले गा? आम्ही बोलून राहिलो, दिसत नाही का?" वाजवणाराच ओशाळायचा. गाडी बाजूला का घेत नाही, असं मी एकदा विचारलं. त्यांचं म्हणणं, बाजूला घेतली की समोरच्याला वाटतं हा आता तासभर बसणार; मध्ये उभी असली म्हणजे आपण घाईत आहोत हे दिसतं.

उन्हाळ्यात चौकातल्या पोलिसाने हात दाखवला की ते चौकाच्या शंभर पावलं अलीकडेच, कडुनिंबाच्या सावलीत थांबत. मागचे सगळे उन्हात. हात खाली आला तरी सावली गार असली तर हलत नसत. एकदा पोलीस जाब विचारायला आला, तर त्यालाच सावलीत घेऊन पाणी पाजलं, आणि तेवढा वेळ चौक रामभरोसे.

अशा माणसाच्या मोटारीतून माझ्या बायकोला बाळंतपणासाठी रामदासपेठेतल्या दवाखान्यात न्यायची वेळ आली. बाळ पायाळू होतं. कळा सुरू झाल्या की मिनिटभरही दवडू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. मागच्या सीटवरून ती कण्हत म्हणाली, "मामा, आज कोणापाशी थांबू नका."

"नाही थांबत वं माय," ते म्हणाले.

आणि खरंच थांबले नाहीत. दोन्ही बाजूंनी हात वर होत होते, हाका येत होत्या. हे समोर पाहत, घामाने निथळत, ओठातल्या ओठात पुटपुटत होते. मला वाटलं रामरक्षा. कान देऊन ऐकलं, तर एकेकाचं नाव घेऊन माफी मागत होते.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

संध्याकाळी आम्ही सदरला परतलो, तर मामेसासऱ्यांच्या अंगणात पंधरावीस माणसं खांद्यावर दुपट्टे टाकून मुकाट बसलेली. शिंप्याने तिरडीचे बांबूसुद्धा सांगून ठेवले होते. मामेसासऱ्यांचा चेहरा पांढरा पडला.

"कोण गेलं गा?"

"तेच विचाराले आलो, भाऊ," शिंपी म्हणाला. "तुम्ही आज थांबलेच नाही."

मामेसासरे त्यांच्यातच जमिनीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मग मुलगी झाल्याचं मलाच सांगावं लागलं. लोकांनी दुपट्ट्यांनी त्यांचे डोळे पुसले आणि पेढे खाऊनच घरी गेले.

त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. सदरहून रामदासपेठेत मी स्वतःच्या गाडीने जातो, रोज, कुठेही न थांबता. कोण गेलं म्हणून विचारायला घरी अजून कोणी आलेलं नाही.