तळघरातली अन्नपूर्णा

त्या हिवाळ्यात मी अन्नपूर्णेवर रुसले होते. २०१७ उजाडलं होतं, मॉन्ट्रियलला शिकायला येऊन मला सहा महिने झाले होते आणि एकही गोष्ट मनासारखी होत नव्हती. पार्ट-टाइम नोकरी मागायला जिथे जावं तिथे पहिला प्रश्न फ्रेंचमधून यायचा, आणि माझं फ्रेंच बोंजूरच्या पुढे सरकत नव्हतं. जानेवारीत फ्रेंचच्या परीक्षेत नापास झाले, त्या संध्याकाळी मी देवीपुढे दिवा लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तीन आठवडे झाले, तिच्या अंगावर धूळ बसली, तरी मी ढुंकून पाहिलं नाही. माझा स्वभावच तसा, रुसले की माझं मीही ऐकत नाही.

अन्नपूर्णा खरं तर मुलीला लग्नात देतात. मी निघाले तेव्हा आईनं ती आधीच माझ्या बॅगेत घातली. म्हणाली, "लग्नाचं लग्नाच्या वेळी बघू. जेवायला तर तुला तिथे रोज लागणार." बोटाएवढी पितळी मूर्ती, हातात पळी. मी तिला वाटीभर तांदळात बसवून स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी ठेवलं होतं.

मी आणि नागपूरची केतकी एका जुन्या घराच्या बेसमेंटमध्ये राहायचो. वर घरमालक आणि त्याची नव्वदीची आई. आमच्या छताला एक पांढरा, गोल अलार्म होता, धुराचा आणि विषारी वायूचा. मोहरी तडतडली किंवा मी धूप लावला की तो बोंबलायचा. शेवटी मीच खुर्चीवर चढून त्याला आंघोळीची प्लॅस्टिकची टोपी घातली आणि वरून रबर बांधलं. आपल्या मुलामुलींच्या बऱ्याच घरांत हा उद्योग चालतो. पुढे धूप बंद झाला, टोपी मात्र तशीच राहिली.

फेब्रुवारीत सलग दोन दिवस बर्फाचं वादळ झालं. आमच्या खिडक्या जमिनीलगत, त्या पार बुजल्या. भर दुपारी आत राखाडी उजेड होता आणि बाहेरचा एकही आवाज येत नव्हता. केतकी सकाळपासून उलट्या करत होती.

"अगं, डोकं फुटतंय माझं. फ्लू झालाय बहुतेक. आज मी लॅब स्किप करते."

मी तिला क्रोसिन दिली, दोन रजया घातल्या आणि तिच्या खोलीचं दार लोटून घेतलं. "झोप, बरं वाटेल," असंही म्हणाले. माझंही डोकं जड झालं होतं. मी सोफ्यावर टेकले आणि मला फार गोड गुंगी येऊ लागली. परीक्षा, नोकरी, कशाचीच काळजी वाटेना.

तेवढ्यात आतल्या जिन्याच्या दारावर थापा पडल्या. एकसारख्या, न थांबता. धडपडत दार उघडलं तर मालकाची आई उभी होती. अनवाणी, रात्रीच्या झग्यात. तोवर मी तिला फक्त वरच्या खिडकीत खुर्चीवर बसलेलं पाहिलं होतं. ती आमच्या घरात कधीच आली नव्हती. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. सरळ आत आली, टोपी घातलेल्या अलार्मखाली उभी राहिली आणि बोट वर करून सावकाश, मलाही कळेल अशा सोप्या फ्रेंचमध्ये म्हणाली, "हिला श्वास घेता येत नाहीये. काढ ते."

मला भीती वाटली. म्हातारीला विसरण्याचा आजार होता हे माहीत होतं, पण तिचा आवाज शांत होता. "काढ," ती पुन्हा म्हणाली. मी खुर्चीवर चढले आणि टोपी ओढली. काहीच झालं नाही. खाली उतरले तर तिनं माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार. आम्ही दोघी तशाच वर बघत उभ्या राहिलो, किती मिनिटं कोण जाणे. मग तो अलार्म किंचाळायला लागला.

केतकी हलवून उठेना. मी ओरडले. दारापुढचा बर्फ काढत असलेला मालक धावत आला आणि त्यानं तिला उचलून बाहेर नेलं. अग्निशमन दलाच्या लोकांनी सांगितलं की मागच्या भिंतीतून बाहेर जाणारा हीटिंगचा पाइप बर्फात गाडला गेला होता आणि सगळा वायू आत साचत होता. अजून अर्ध्या तासानं ती हाती लागली नसती. आपण तिला झोपवून दार लोटलं होतं, हे आठवून मी हॉस्पिटलमध्ये ढसाढसा रडले. दोन दिवसांनी केतकी उठून बसली आणि वरण-भात मागू लागली.

मालक मला इंग्रजीत म्हणाला, "ममाँनं दोन वर्षांत जिन्यावर पाऊल ठेवलेलं नाही. मी विचारलं, खाली का गेलीस? तर म्हणते, एका छोट्या बाईनं उठवलं. हातात चमचा होता म्हणे." तो ओशाळून हसला. "तुला माहीतच आहे तिचं."

माझ्या अंगावर काटा आला. खाली येऊन मी ओट्याशेजारच्या मूर्तीच्या हातातली पळी पाहिली.

आठवड्यानं मूर्ती घासूनपुसून मी वर घेऊन गेले. म्हातारीनं मला ओळखलं नाही, तू कोण असं दोनदा विचारलं. मग मूर्ती हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि तशाच सोप्या फ्रेंचमध्ये म्हणाली, "हीच. पण त्या दिवशी ही रडत होती."

मी रुसले होते, तिनं मात्र मला टाकलं नव्हतं. माझा राग एवढा मोठा, की आपल्यासाठी कुणी रडत असेल हे माझ्या मनातच आलं नाही. जे घडलं ते कसं घडलं हे मी कुणाला पटवायला जात नाही. मलाही ते कळलेलं नाही, आणि आता कळायला हवंच असंही वाटत नाही. फ्रेंचमध्ये पुढे मी आणखी एकदा नापास झाले, पण त्या संध्याकाळी दिवा लावला.

आजही लावते. धूपही लावते. अलार्म बोंबलतो, केतकी कानावर हात ठेवून ओरडते, "अगं, खिडकी उघड!" मी खिडकी उघडते, हात जोडते आणि त्याला वाजू देते.