धर्माजीचं एकुलतं एक अक्षर

कुरुळीचा धर्माजी अंगठेबहाद्दर, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण त्याला एक अक्षर येत होतं, आणि तेही चिनी, हे गावात फक्त मला ठाऊक. मी सोपान, चौथी पास. पलटणीत त्याची घरची पत्रं मीच लिहून द्यायचो आणि दर पत्राला एक टोमणा मारायचो. खोटं कशाला बोलू!

त्रेपन्न साली आम्ही कोरियात गेलो. लढाई थांबली होती. तिऱ्हाईत देशाचे म्हणून आमचं काम चिनी कैद्यांवर पहारा. तारेच्या आत ते, बाहेर आम्ही. ज्याला मायदेशी परत जायचंय त्यानं फाटकावर येऊन सांगायचं, असा कायदा. कायदा गेला चुलीत! आत कैद्यांचाच एक म्होरक्या होता, चीनच्या लाल सरकारचा वैरी; त्याला कुणाला परत जाऊ द्यायचं नव्हतं. फाटकाकडं नुसतं बघितलं तरी त्याची माणसं काठ्या घालायची.

एक लुकडा कैदी धर्माजीच्या पहाऱ्याला तारेजवळ येऊन बसायचा. खुणांनी सांगायचा, घरी म्हातारी आई आहे, जायचंय. एक दिवस त्यानं मातीत बोटानं मोठा चौकोन काढला, त्याच्या आत धाकटा चौकोन. मग छातीवर हात ठेवून डोंगरापलीकडं बोट दाखवलं. परत जाणं, असा त्या अक्षराचा अर्थ. दोघांचं ठरलं: तो हे अक्षर मातीत काढील त्या घटकेला धर्माजीनं फाटक उघडून त्याला बाहेर ओढायचं.

"सोपाना, ते कसंबी काढायचं नस्तं," धर्माजी मला शिकवायचा. "आधी डावी भित. मंग वरनं उजवीकडं येऊन खाली. मंग आतलं धाकटं. उंबरा समद्यात शेवटी."

राखेत, धुळीत, बुटाच्या टोकानं, आठ दिवस त्याचं तेच चाललं होतं. तिशीच्या गड्याला पहिलं अक्षर आलं होतं, केवढा फुगला होता तो! मला ते खुपलं. उद्या ह्याला माझी गरज लागायची नाही, असं वाटलं.

"लेका, रेघोट्या मारतोस आणि अक्षर म्हणतोस?" मी चारचौघांत डिवचलं. "खरं असेल तर काढ की तारेसमोर. चिन्यांना वाचू दे!"

माझ्या जिभेला हाड नव्हतं.

धर्माजी पेटला. भरदुपारी, सगळे कैदी उन्हाला बसलेले असताना, त्यानं काठीनं परातीएवढं अक्षर काढलं. आत सगळ्यांच्या माना वळल्या. म्होरक्या तारेशी आला, वाचलं, हसला आणि हातानं विचारलं: कुणी शिकवलं?

आमच्यात विद्या घेतली की गुरूचं नाव झाकत नाहीत. धर्माजीनं त्या लुकड्याकडं वळून दोन्ही हात जोडले.

"ह्यो माझा मास्तर!"

लुकडा पांढराफटक पडला. त्यानं बोट मातीत टेकवलं, डावी भिंत काढली, वरची रेघ ओढली. तेवढ्यात म्होरक्याची माणसं त्याच्या गळ्यात हात घालून हसत बसली. आणि धर्माजी? फाटकाच्या कडीवर हात ठेवून अक्षर पुरं व्हायची वाट बघत उभा! त्यांनी लुकड्याला उठवून तंबूत नेलं.

दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत घोंगडीत गुंडाळून बाहेर दिलं. उजव्या हाताची बोटं ठेचलेली होती.

पलटण सुटल्यावर धर्माजी देहूरोडच्या डेपोत हमाल लागला. पगाराला अंगठाच द्यायचा. छप्पन साली त्याची पोर शकू शाळेत जायला लागली. एकदा मी त्याच्या ओट्यावर चहा पीत होतो, तर ती पाटी नाचवत आली.

"आबा, घर काढलं! शालनबाईंनी शिकवलं."

मोठा चौकोन, आत धाकटी खिडकी.

धर्माजीनं पाटी उंबऱ्यावर आपटून फोडली आणि पोरीच्या कानाखाली अशी काढली की ती कोलमडली. त्याची बायको कुशाबाई चुलीपासून धावत आली.

"उद्यापासनं शाळा बंद," तो म्हणाला.

"आवं, पोरीला चार अक्षरं येऊ द्या की!"

"अंगठा बास हाय. अंगठ्यानं कुणी मरत न्हाई."

शकू कान धरून माझ्याकडं आली. "सोपानकाका, तुमी सांगा ना आबांना! तुमाला लिवता येतं."

एकच वाक्य बोलायचं होतं. त्या दिवशी तुला मी डिवचलं, धर्माजी. पोरीचा काय दोष? ते ओठांवर आलं होतं. मी बशीतला चहा संपवला आणि म्हणालो, "बापाचं ऐकावं, शकू."