लिंबाला ताण

भडगावात आमच्या शेजारचे आबा रोज सकाळी न विचारता अंगणात येतात, आमच्या कागदी लिंबाच्या आळ्यात बोट खुपसतात आणि ओल लागली की तोंड वाकडं करतात.

आम्ही मूळचे फैजपूरचे, केळीच्या पट्ट्यातले. केळीचं पाणी चुकवायचं नाही, हे हाडात मुरलेलं. लिंबालाही रोज बादलीभर. त्यामुळे चार वर्षांत लिंबाचं झाड छपराला टेकलं, पण फळ एकही नाही.

"भाऊ, केळीवालास्ना हात कायम वल्ला," आबा म्हणाले. "लिंबूले तहान लागू द्या, मंगच ते फुलस."

मी पाणी तोडलं. महिन्याभरात पानं मलूल होऊन गळायला लागली. मला राहवेना. एका सकाळी बादली भरून निघालो, तर आबा आळ्याजवळ उभेच. त्यांनी माझ्या हातातली बादली घेतली आणि सरळ आपल्या घरी नेली. माझी बादली! मी आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही.

आठव्या दिवशी, आता ताण पुरे म्हणत, तीच बादली भरून ते आले. खोडापासून दोन हात लांब, सावकाश पाणी सोडलं आणि गेले.

पंधरवड्यात झाड फुलांनी पांढरं झालं. बघायला या म्हणून मी हाक मारली. कुंपणापलीकडून, मान वर न करता, आबा म्हणाले, "माहीत शे."