ताईची नागीण

कुसुमताईला जाऊन तीन आठवडे झाले होते, तेव्हा तिचा मोबाईल वाजला. पलीकडच्या बाईंना आदल्याच दिवशी कॅन्सर असल्याचं कळलं होतं आणि त्यांना ताईशी बोलायचं होतं. मी त्यांचं सगळं ऐकून घेतलं, मग ताई गेल्याचं हळूच सांगितलं. "त्यांचा नंबर इतक्यात बंद करू नका हो," एवढंच त्या म्हणाल्या.

ताई माझी थोरली बहीण. टेलिफोन ऑपरेटर होती. तिच्या पगारावर मी इंजिनिअर झालो. सहा वर्षांपूर्वी तिचा बायोप्सीचा रिपोर्ट माझ्या मोबाईलवर आला, तेव्हा मी खराडीच्या ऑफिसात होतो. मीटिंगमधून बाहेर येऊन तिला फोन लावला आणि एका वाक्यात सांगून टाकलं. ती कोथरूडला बसथांब्यावर एकटी उभी होती. "बरं," म्हणाली.

मी लगेच तपासण्या आणि तारखांची एक्सेल शीट केली. ताईचं मात्र जेवण सुटलं, झोप उडाली. दहाव्या दिवशी कमरेवर पुरळ उठलं, आगआग व्हायला लागली. नागीण... आणि अजून उपचार सुरूही झाले नव्हते. डॉक्टर म्हणाल्या, "लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू अंगात दडून असतो. वय, आजार, जागरण, मनावरचा ताण, कशानंही प्रतिकारशक्ती खाली आली की तो डोकं वर काढतो. नेमकं कशानं, ते सांगता येत नाही. पण यांना झोप हवी." शस्त्रक्रिया लांबली. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. ताई म्हणाली, "तू स्टेटस रिपोर्ट दिलास. ऑफिसची सवय, दुसरं काय."

मग तिनंच स्वतःला सावरलं. "मला एका वेळी एकच तारीख सांगत जा," म्हणाली. वेळेवर जेवू लागली, दुपारी नेमानं पडू लागली. शस्त्रक्रिया नीट झाली. पुढे दवाखान्यात भेटलेल्या कितीतरी जणांना तिनं आपला नंबर दिला, आणि तो एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिला. कुणी सल्ला मागितला तर म्हणायची, "उपचाराचं डॉक्टर बघतील. तुम्ही काल झोपलात का, ते मला सांगा."

यंदा आजार उलटला. रिपोर्ट पाहिला आणि या वेळी मी गाडी काढून थेट कोथरूडला गेलो. भर दुपारी मला दारात बघून ती समजली. "आधी जेव," म्हणाली. वरणभात वाढला. जेवणं झाल्यावर मी सांगितलं. तिनं माझा हात बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाली, "मी अर्धा तास पडते. तू जाऊ नकोस." मी पलंगाशेजारी बसून राहिलो... आणि ती खरंच झोपली.

काही महिन्यांनी ताई गेली. तिची ती खोली अजून तशीच आहे. दुपारी तिथे कुणी मोठ्यानं बोलत नाही.