दाराबाहेरून हाक

सौदीत राबिघला मुलाकडे राहत होते ना मी, तेव्हा एसी दुरुस्तीला एक जण यायचा, आपल्या गुहागरकडचा. नाव विचारायचं राहूनच गेलं बघा. चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवायचा आणि फिल्टर धुताना हळूच मान मोडायचा.

एकदा टीव्हीवर सील दाखवत होते. एरवी थंड मुलखात पिल्लं घालणारा प्राणी, पण एक मादी भलत्याच उबदार किनाऱ्यावर व्याली होती. मी म्हटलं, "अगं बाई, माहेर सोडून कुठे बाळंत झाली ही!"

तो पाना हातात धरून बघत राहिला. "आवाजावरून पिल्लू ओळखते म्हणतात ती, काकू. माझी मुलगीही मला तशीच ओळखते, फोनवर. दोन वर्षांची झाली, मी अजून बघितली नाही. आता गेलो तर माझं तोंड बघून रडेल."

"मग आधी दाराबाहेरून हाक मार रे."

तो हसला, दमलेलं. "आमचा मालक, कफील, दारापर्यंत सोडेल तेव्हा ना! रजा मागितली की रोज म्हणतो, उद्या बघू."

चहा टाकते म्हटलं, तर म्हणाला, "नको काकू, अजून सहा घरं आहेत."