कॉर्डलेसची रेंज
डेटॉलचा वास आला की मला जयपूरचा आमचा कॉर्डलेस फोन आठवतो. बाबांनी चार दुकानं पालथी घालून लांब एरियलचा, पांढराशुभ्र असा निवडला होता. तो जोडून होताच घरमालक ‘रेंज देखते हैं’ म्हणत हँडसेट घेऊन अंगणापलीकडे गेले. बऱ्याच वेळाने आले, ओल्या हातांनी तो आईकडे देत हसले, “भाभीजी, लैट्रिन में भी एकदम साफ़ आवाज़!” बाबाही हसले. आईने तो डेटॉलने घासघासून पुसला. तेवढ्यात साताऱ्याहून आजीचा फोन आला. आईने हँडसेट चिमटीत, हातभर लांब धरला आणि ओरडली, “आई, मोठ्यानं बोल गं!” आजीचं काहीच ऐकू येईना. शेवटी फोन टाकून आई मोरीकडे धावली आणि भडाभडा ओकली. आता माझ्या घरातले सगळेच फोन घेऊन संडासात जातात. मी मात्र त्यांतला एकही कानाला लावत नाही.